मालकाची सुट्टी

[दृश्य: इतवारी, मे महिन्यातली दुपार. अर्ध्यावर ओढलेली शटर.]

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा दुपारी शहराचा वेग आपोआप मंदावतो. इतवारीच्या किराणा ओळीत हमाल सावली धरून बसतात, कूलरमध्ये पुन्हा एकदा पाणी भरले जाते आणि गल्ल्यामागचा मालक घटकाभर आडवा झाला, तरी त्याला कोणी आळशी म्हणत नाही, कारण ऊन सगळ्यांनाच लागते. परंतु याच बाजारात असेही काही व्यावसायिक आहेत, ज्यांना थकवणाऱ्या गोष्टी शेजारच्या दुकानदाराला जाणवतसुद्धा नाहीत. त्यामुळे त्यांच्या विश्रांतीला अशी सर्वमान्यता मिळत नाही.

ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता) किंवा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) असलेल्या माणसाच्या मेंदूची घडण लहानपणापासूनच वेगळी असते. अशा व्यक्तींना न्यूरोडायव्हर्जंट म्हटले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच मोडतो) यांचा समावेश आहे. एडीएचडीला त्या यादीत स्वतंत्र स्थान नाही. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांच्या शालेय वयात यातले काहीच ओळखले गेले नाही. ते धांदरट, तुसडे किंवा मठ्ठ ठरले. नोकरीच्या चौकटीत जमले नाही, म्हणून त्यांच्यातील काहींनी स्वतःचा व्यवसाय उभारला. तेथे कामाची पद्धत त्यांना स्वतः ठरवता आली आणि एखाद्या विषयात खोलवर शिरण्याची त्यांची ताकद कामी आली.

[दृश्य: सीताबर्डीची संध्याकाळ. गर्दी, हॉर्न, दुकानांचे झगझगीत दिवे.]

आता ऑटिस्टिक दुकानदाराची एक संध्याकाळ पाहू. गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करते, मध्येच घरची चौकशी करते, तिसराच माणूस उधारीचा विषय काढतो, आणि या सगळ्यांच्या डोळ्यांत पाहून, योग्य क्षणी हसून, योग्य स्वरात उत्तर द्यायचे असते. इतरांना हे सहज साधते. ज्याला प्रत्येक प्रतिसाद मनात जुळवून मग द्यावा लागतो, त्याचे एक काम माल विकण्याचे असते आणि दुसरे, न दिसणारे काम स्वतःचे वेगळेपण झाकण्याचे असते. त्यात ट्यूबलाइटची सततची गुणगुण, बाहेरच्या वरातीतला डीजे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हाचा तो अफाट जल्लोष यांची भर पडते. ज्याचे कान आणि डोळे आवाज-उजेड गाळून घेत नाहीत, त्याच्यापर्यंत हे सारे एकाच जोराने पोहोचते.

संशोधक डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये ऑटिस्टिक प्रौढांच्या अनुभवांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. अपेक्षा आणि क्षमता यांतील तफावत पुरेशा आधाराविना दीर्घकाळ सोसावी लागली, तर येणाऱ्या अवस्थेचे वर्णन त्यात आहे: साधारणपणे 3 महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकणारा थकवा, एरवी सहज जमणारी कामे न जमणे आणि आवाज, उजेड, स्पर्श पूर्वीपेक्षा असह्य होणे. व्यवसायाच्या भाषेत याचा अर्थ असा, की पंधरा वर्षे तोंडपाठ असलेला भाव आठवत नाही, पुरवठादाराचा फोन उचलवत नाही आणि रोज उघडणारे शटर एके दिवशी उघडत नाही. एका रविवारच्या झोपेने हे भरून निघत नाही. म्हणूनच आमचा आग्रह आहे, की तिथवर पोहोचण्याची वाट पाहू नये.

एडीएचडी असलेल्या मालकाची अडचण वेगळ्या दिशेने येते. वस्तू व सेवा कराच्या (जीएसटी) मासिक जीएसटीआर-3बी विवरणपत्राची मुदत पुढील महिन्याच्या 20 तारखेला संपते. एकोणीस तारखेच्या रात्री तो जे काम तासन्‌तास एकाग्रतेने पूर्ण करतो, ते आधीच्या अठरा दिवसांत त्याच्याकडून सुरूसुद्धा होत नाही. यात इच्छेची कमतरता नसते. काम सुरू करणे आणि वेळेचा अंदाज घेणे याच क्षमता या मेंदूत कमकुवत असतात. शिवाय एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांच्या शरीराचे घड्याळ उशिराकडे झुकलेले असते, त्यामुळे झोप उशिरा लागते आणि दुकान मात्र ठरल्या वेळीच उघडावे लागते.

न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तींपैकी अनेकांना भूक, तहान आणि थकवा यांचे शरीराचे इशारे उशिरा कळतात. कामात बुडालेला माणूस दुपारचे चार वाजेपर्यंत पाणी प्यायला नसेल, तर नागपूरच्या उन्हाळ्यात हे थेट जिवावर बेतू शकते. “दमलास तर बस” हा प्रेमाचा सल्ला त्याच्या उपयोगाचा नसतो, कारण आपण दमलो आहोत हे त्याला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. त्याची विश्रांती घड्याळावर बांधलेली हवी: गजर वाजला की पाणी, दुपारी ठरल्या वेळी अर्धा तास बंद खोली, आणि दारावर स्वच्छ अक्षरांत दुकानाची वेळ.

[दृश्य: अंबाझरी तलावाचा काठ, सकाळ.]

विश्रांती कोणती, हेही ज्याचे त्यालाच ठरवू द्यावे. रविवारी नातेवाइकांकडे जेवायला जाणे ही कुटुंबाच्या दृष्टीने सुट्टी असते, पण आठवडाभर माणसांशी बोलून रिकामा झालेला ऑटिस्टिक माणूस तेथून अधिकच थकून परततो. त्याला कदाचित बंद खोलीत जुनी नाणी लावत बसण्याने उभारी येईल. एडीएचडी असलेल्या व्यक्तीला निपचित पडून राहणे शिक्षेसारखे वाटू शकते. तिला अंबाझरीच्या काठाने झपाझप चालणे किंवा सेमिनरी हिल्सचा चढ सायकलने चढणे अधिक शांत करते. डिस्लेक्सिया असलेल्या व्यावसायिकाचा थकवा बिले आणि करारांच्या वाचनात साचतो, म्हणून ते वाचन दुसऱ्याकडे सोपवणे किंवा मोबाइलकडून मोठ्याने वाचून घेणे हीसुद्धा त्याची विश्रांतीच आहे.

घरून डबे पुरवणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे सारे अधिक कठीण होते. एडीएचडी आणि ऑटिझम स्त्रियांमध्ये बरेचदा उशिरा ओळखले जातात. तिचा व्यवसाय आणि तिचे घर एकाच ओट्यावर चालतात, त्यामुळे शेवटचा डबा गेल्यावर लगेच घरच्यांचा स्वयंपाक सुरू होतो. तिच्या विश्रांतीची सोय घरातल्या इतरांनी स्वतःचे हात पुढे केल्याशिवाय होणार नाही.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीचा 2017 चा कायदा ज्यांना लागू आहे, तेथील कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी मिळते. मालकाला अशी सुट्टी देणारे कोणी नाही. दुकान बंद ठेवले तर त्या दिवसाचा गल्ला बुडतो, आणि कर्जाचे हप्ते चालू असलेल्या छोट्या दुकानदाराला ही रक्कम क्षुल्लक नसते. तरीही आठवड्यातील सर्वांत मंद विक्रीचे तास कोणते, हे त्याची वहीच सांगते. सुट्टीची सुरुवात तेथून करता येते. दिवाळीच्या मालाची मागणी कितीतरी आधी नोंदवली जाते, तशाच नेमाने दिवाळीनंतरच्या सुट्टीचे दिवस त्याच वहीत लिहावेत, आणि त्या दिवसांत किल्ल्या कोणाकडे राहतील, पुरवठादाराशी कोण बोलेल व वसुलीला आलेल्या माणसाला काय सांगायचे, हे नावानिशी ठरवून ठेवावे.