खाट, कूलर आणि फ्लूटेड पॅनेल

[पडद्यावर : जळगावातलं नवं रो हाऊस. फरशीवर प्लायवूडचे तुकडे, भुसा, फेविकॉलचा डबा. मिस्त्री मालकाच्या मोबाइलमध्ये डोकावतोय.]

हल्ली खान्देशात नव्या घराचं फर्निचर मोबाइलपासून सुरू होतं. मालक फोन पुढे करतो आणि म्हणतो, "भाऊ, सेम असं पाहिजे." फोटोत टीव्हीमागे उभ्या पट्ट्यापट्ट्यांची भिंत असते, छताच्या कडेनं पिवळसर उजेड उतरत असतो, समोर पांढरा गुबगुबीत सोफा. खोलीत माणूस एकही नाही. चार्जर, चपला, पाण्याची बाटली, कशाचाच पत्ता नाही. मिस्त्री फोटो मोठा करून नीट बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "कूलर कुठं बसवायचा?"

फोटो काढणाऱ्याला हा प्रश्न पडला नव्हता. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. एसी आले, वाढलेही. पण बिल बघून दुपारी तो बंद करणारी आणि खिडकीतल्या कूलरवर उन्हाळा काढणारी घरं इथं गल्लोगल्ली आहेत.

[पडद्यावर : खिडकीत बसवलेला लोखंडी कूलर, आतली ओली पॅडं. कॅमेरा हळूहळू समोरच्या भिंतीकडे वळतो. तिथे छताला टेकलेला वॉर्डरोब.]

कूलर चालतो कसा, ते आधी बघू. बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या पॅडमधून आत खेचली जाते. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, म्हणून हवा गार लागते. मात्र ही हवा आता दमट झालेली असते आणि तिला बाहेर पडायला समोर वाट लागते. समोरची खिडकी बंद असेल तर तासाभरात अंगाला चिकचिक सुरू. नव्या डिझाइनमध्ये नेमकी हीच खिडकी बळी पडते. वॉर्डरोब जमिनीपासून छतापर्यंत एकसंध दिसला पाहिजे, म्हणून खिडकी झाकली जाते. उरलेली उंची फॉल्स सीलिंग खातं.

दुसरं नुकसान दोन-तीन उन्हाळ्यांनी कळतं. कूलरच्या झोतासमोरच्या कपाटाच्या खालच्या कडा फुगतात. सनमायका कोपऱ्यातून सुटायला लागतो, दार चौकटीला घासतं. तयार फर्निचरमध्ये असं घडलं तर आतून बहुधा पार्टिकल बोर्ड निघतो. लाकडाचा चुरा आणि रेझिन दाबून केलेला हा बोर्ड एकदा पाणी प्याला की फुगतो, आणि वाळल्यावर परत मूळ जाडीवर येत नाही. दुकानात लाइटखाली तो आणि चांगलं प्लाय सारखेच दिसतात, कारण वरचा लॅमिनेट दोघांचा एकच.

मग घ्यायचं काय? प्लायच्या शीटवर छापलेलं वाचायचं. आयएस 303 हा सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचा मानक क्रमांक, आयएस 710 हा मरीन प्लायचा. साध्या एमआर (थोडीफार ओल सोसणाऱ्या) प्लायमधला डिंक युरिया फॉर्माल्डिहाइडचा असतो, तो ओल फार सोसत नाही. पाण्याला टिकणाऱ्या प्लायमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइड वापरतात. सगळं घर मरीन प्लायमध्ये करायची गरज नाही, तो पैशांचा धूर आहे. सिंकखालचं कपाट, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेला वॉर्डरोब आणि कूलरसमोरची बाजू एवढ्या ठिकाणी ते वापरा. कापलेल्या प्रत्येक कडेला, मागची आणि खालची धरून, एज बँडिंग पट्टी लावून घ्या. मिस्त्री समोरच्या कडांना पट्टी लावतो आणि मागच्या कडा भिंतीच्या भरवशावर सोडतो. ओल तिथूनच आत शिरते.

[पडद्यावर : शोरूम. पट्ट्यांच्या पॅनेलवर बोट फिरवणारी तरुणी. बोटावर धूळ.]

आता ती पट्ट्यांची भिंत. दुकानदार तिला लूव्हर्स म्हणतात, डिझायनर फ्लूटेड पॅनेल. पीव्हीसीत (प्लॅस्टिक), डब्ल्यूपीसीत (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक) आणि एमडीएफमध्ये (लाकडाच्या धाग्यांचा दाबलेला बोर्ड) मिळते. दिसते छान, उजेड तिरका पडला की सावल्यांच्या रेषा उमटतात. पण आपल्याकडे चैत्र-वैशाखात वारा सुटतो, आणि नांगरलेल्या काळ्या रानाची माती गावात येते. त्या प्रत्येक खाचेत ती बसणार आणि ओल्या फडक्यानं पुसली तर चिखल होणार. माझं मत विचाराल तर अख्खी भिंत करू नका. देव्हाऱ्यामागे दोन फूट, टीव्हीच्या एका बाजूला तीन फूट, बास.

पांढऱ्या सोफ्याबद्दल काय बोलावं! त्या कापडाला बुक्ले म्हणतात, सुताचे बारीक वेटोळे वर आलेले असतात. त्यावर आमरसाची वाटी सांडल्यावर घरात जे होईल ते आम्ही चित्रित करू शकलो नाही.

[पडद्यावर : केनच्या, म्हणजे वेताच्या, विणीची खुर्ची, जवळून. विणीतून आरपार दिसणारा उजेड.]

याच शोरूममध्ये एका कोपऱ्यात इंग्रजी व्ही अक्षर उलटं ठेवल्यासारखे पाय असलेली, केननं विणलेली खुर्ची दिसते. चंदीगड चेअर. चंदीगडची आखणी करणारा वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जाँनरे 1951 पासून चंदीगडच्या उभारणीवर होता. सरकारी कचेऱ्यांसाठी त्यानं आणि तिथल्या भारतीय सहकाऱ्यांनी हे फर्निचर रचलं. सागवान घेतलं कारण कीड लागत नाही, वेत घेतला कारण पाठीला हवा लागते. पुढे या खुर्च्या मोडक्या म्हणून आवारात ढिगानं पडल्या, भंगारात विकल्या गेल्या, आणि परदेशातल्या लिलावांत त्यांचे लाखो रुपये यायला लागले. मग नकला निघाल्या, आणि नकलांची फॅशन आपल्या गावापर्यंत आली.

ही फॅशन मात्र इथं शोभते. रेक्झिनच्या सोफ्यावरून मे महिन्यात उठताना काय होतं, ते सांगायला नको. विणीच्या खुर्चीत घाम धरत नाही. वेताला कोरड्या हवेत तडा जातो खरा, अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसावं लागतं. प्लायला त्रास देणारी कूलरची दमट हवा वेताला मानवते, हे आणखी एक.

खरं तर विणलेल्या बैठकीची आपल्याला ओळख कशाला करून द्यायची? आपल्याकडे खाट होती. बाभळीचे किंवा निंबाचे पाय, सुताची नाहीतर काथ्याची वीण. दिवसा भिंतीला उभी, संध्याकाळी अंगणात, रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर. पाहुणा आला की त्याच्यासाठी टाकायची. उन्हाळ्यात तिच्यावर जुनं लुगडं अंथरलं की बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालायला तीच. त्यामागे एक व्यवस्था होती, घर रिकामं ठेवायची. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती, त्यात कोनाडे आणि फडताळ, जमिनीवर चटई. जागेवर कायम उभं असं फार थोडं.

जागा अडवणारी पहिली मोठी वस्तू बहुतेक घरांत लोखंडी कपाट. गोदरेजनं स्टीलची कपाटं 1923 पासून बनवायला सुरुवात केली. पुढे मुलीच्या आंदणात कपाट, पलंग, गादी, ड्रेसिंग टेबल अशी यादीच ठरून गेली. अजूनही लग्नसराईत धुळ्याच्या, जळगावच्या रस्त्यांवर टेम्पोत आडवं बांधलेलं कपाट दिसतं. मुलाच्या घरी सगळं बिल्ट-इन असेल तर त्या कपाटाचं काय करायचं, हा आजचा खराखुरा डिझाइनचा प्रश्न आहे. कोणत्याही कॅटलॉगमध्ये त्याचं उत्तर नाही.

[पडद्यावर : खान्देशातल्या कानबाई देवीची स्थापना. चौरंगावर सजवलेली कानबाई, भोवती बसलेल्या बाया. खोलीत पाय ठेवायला जागा नाही.]

आणि हा दुसरा प्रश्न. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. मग रोट, म्हणजे तिच्या प्रसादाचं जेवण. भाऊबंद एकत्र येतात, पुण्या-नाशकाला गेलेलेसुद्धा. वीस-पंचवीस माणसं जमिनीवर पंगतीला बसणार असतील तर एल आकाराचा सोफा, मधला काचेचा टीपॉय आणि सहा खुर्च्यांचं डायनिंग कुठे न्यायचं? एल सोफा दारातून बाहेर निघत नाही, काही ठिकाणी तर तो खोलीतच जोडलेला असतो. अशा वेळी शेजारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात. एका साच्यात ओतलेली ही खुर्ची, तिचं घराणं फ्रान्समधल्या 1972 च्या एका खुर्चीपर्यंत जातं. डिझायनर तिला नाकं मुरडतात, पण एकावर एक रचून कोपऱ्यात उभी राहण्याचा तिचा गुण एल सोफ्याला आयुष्यात जमणार नाही.

म्हणून इथले काही जण नवं घर करताना बैठकीची खोली मोकळी ठेवायला लागलेत. भिंतीला लागून बुटका लाकडी दिवाण, त्यावर घरची गोधडी, एकात एक जाणारी दोन-तीन तिपाया. बाहेरच्या जगात या बुटक्या, मोजक्या, लाकूड-कापडाच्या मांडणीला जपँडी म्हणतात, जपानी आणि स्कँडिनेव्हियन मिळून. फोटोत तीही महागडी दिसते. आपल्याकडे ती निम्मी घरातच पडलेली असते. पाहुण्यांच्या गाद्या-गोधड्यांसाठी मात्र स्टोरेज बेड हवाच, त्याला पर्याय नाही. हायड्रॉलिकचा घेतलात तर गादी न उचलता पोटातलं सामान काढता येतं.

[पडद्यावर : चकचकीत स्वयंपाकघर. ट्रॉल्या अलगद बंद होतात. मागचं दार उघडतं, परसात चूल आणि मातीचं खापर.]

स्वयंपाकघरात ट्रॉली आली आणि ती चांगलीच आली. वाकून अंधाऱ्या फळीत डबा शोधायचा त्रास गेला. पण कंपनीच्या मापात वर्षाचं धान्य बसत नाही. दादर ज्वारी, गहू, उडीद पत्र्याच्या कोठीत राहतात, आणि कोठी मॉड्युलर नाही. डिझायनरला आधी सांगितलं तर तो कोरड्या बाजूला, जमिनीपासून चार इंच उंच ओट्यावर कोठीसाठी कोनाडा काढून देतो. नाही सांगितलं तर कोठी जिन्याखाली जाते. खापरावरची पुरणपोळी तर चार बर्नरच्या काचेच्या शेगडीवर व्हायचीच नाही. ज्यांनी मागच्या दाराला चूल, नळ आणि धुण्याचा दगड एकत्र ठेवलाय, त्यांचं आतलं किचन वर्षानुवर्षं फोटोतल्यासारखं राहिलंय. बाकीच्यांची चिमणी तेलकट.

[पडद्यावर : लाकडाची वखार. ओंडक्याच्या आडव्या कापावर खडूची खूण.]

लाकडाबद्दल थोडं. सातपुड्याच्या पायथ्याचं, नवापूर-तळोद्याकडचं सागवान म्हटलं की जुनी माणसं मान डोलावतात. आज वखारीत विकला जाणारा बराचसा साग घाना, इक्वेडोर, पनामा असल्या देशांतल्या लागवडीतून येतो. तो वाईट असतो असं नाही, पण कोवळा असतो. सागाला उधई (वाळवी) लागत नाही हे अर्धंच खरं. ते संरक्षण आतल्या गडद गाभ्याला आहे, बाहेरच्या फिकट लाकडाला नाही. पॉलिश चढल्यावर दोन्ही एकाच रंगाची होतात. तेव्हा चौकट किंवा पलंग घ्यायचा असेल तर पॉलिशच्या आधी बघायला जा.

आपल्या मातीतलं नवं सामान म्हणाल तर केळी आहे. केळीचं झाड एकच घड देतं, मग खांब कापून टाकतात. रावेर-यावलच्या बांधावर अशा खांबांची रास पडलेली असते. त्यातून धागा निघतो, त्या धाग्याच्या टोपल्या, पायपुसणी, दिव्याच्या शेड जगभर विकल्या जातात. अडचण अशी की खांब म्हणजे जवळपास सगळं पाणीच. तो ट्रकमध्ये भरून कारखान्यात नेणं म्हणजे पाणी वाहणं. म्हणून धागा काढायचं यंत्र शेतातच न्यावं लागतं, आणि खांब ताजा असेपर्यंत. बांबूला निदान कायद्यानं वाट दिली. 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून काढला, त्याची तोड-वाहतूक सोपी झाली.

आणि चटई! जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिक चटयांचे कारखाने आहेत, इथली चटई देशभर आणि देशाबाहेर जाते. परदेशात अशीच चटई बाल्कनीत अंथरून तिला आउटडोअर रग म्हणतात. आपण तिच्यावर पापड वाळवतो.

[पडद्यावर : आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. निंबाच्या फांदीला बांधलेला झोका, गाणी. मग शहरातल्या घरात हॉलमधला पितळी साखळ्यांचा झोपाळा.]

सगळ्या नव्या-जुन्या फॅशनींत खान्देशानं सर्वात मनापासून घेतलेली म्हणजे हॉलमधला झोपाळा. आखाजीला माहेरी आलेल्या पोरींसाठी निंबाला झोका बांधायची रीत. आता निंब तुटला, प्लॉट पडले, झोका आत आला. कोणी सागाची सपाट फळी आणि पितळी साखळ्या घेतं, कोणी गुजरातेतल्या संखेड्याचा खरादी काम केलेला, लाखेच्या रंगाचा झोपाळा मागवतं. त्या कामाला भौगोलिक मानांकन आहे. सोफ्याच्या किमतीत बसतो, फरशी अडवत नाही. पंगत बसवायची असली की साखळ्या वर अडकवायच्या.

एकच पथ्य. झोपाळ्याची कडी स्लॅबच्या सळयांना बांधून, काँक्रीट पडायच्या आधी टाकावी लागते. नंतर भोक पाडून फास्टनर ठोकता येतो, पण तीन माणसं झोका घेणार असतील तर त्याच्या भरवशावर राहू नका, मग लोखंडी स्टँडचाच घ्या. घर बांधायला काढलं असेल तर ठेकेदाराला स्लॅबच्या आदल्या दिवशी आठवण करा. दोन कड्या, मधलं अंतर फळीच्या लांबीइतकं, आणि पंख्याच्या पात्यापासून लांब.