सराफ्यातला एक घास

(दृश्य : इंदूर, सराफा. रात्र. दागिन्यांच्या दुकानांची शटरं खाली, समोर पेटलेल्या शेगड्या.)

निवेदन :
राजवाड्याजवळचा सराफा. सोन्याचांदीचे व्यवहार आटोपले, शटरं खाली आली, की त्याच दुकानांसमोर कढया चढतात. थंडीचे दिवस आहेत, तेव्हा गराडू असणारच. कंदाच्या खरपूस तळलेल्या फोडी, वर लिंबू आणि सढळ हातानं भुरभुरलेलं जिरावण, म्हणजे इथला तिखट मसाला.

"थांब गं, जरा निवू दे!" आत्या म्हणते. तोवर भाचीची बोटं द्रोणात गेलेली असतात.

(दृश्य : बोटांचा क्लोजअप. हात झटक्यात मागे. हीच फीत पुन्हा, संथ गतीत.)

इथे क्रम नीट बघा. हात आधी मागे आला, "आई गं" नंतर. हात काढून घेण्याचा हुकूम मेंदूनं दिलेलाच नाही. बोटातून निघालेला संदेश मानेजवळ, कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत शिरला आणि तिथूनच स्नायूंना परतीचा निरोप गेला. मेंदूला खबर लागली ती हात सुटल्यावर.

आता आत्याकडे बघा. तिच्या तळहातावर तोच गरम द्रोण आहे. तिलाही चटका बसतोय, पण द्रोण पडत नाही. ती तो या हातातून त्या हातात घेते, तोंड वाकडं करते आणि धरून ठेवते. पैसे मोजलेत! मज्जारज्जूचा झटका मेंदू वरून दाबून धरू शकतो, तो असा. ज्ञानेंद्रियांकडून वर माहिती जाते एवढंच आपण शाळेत घोकलं. वरून खाली सतत येणारी ही दटावणी पुस्तकात कुठेतरी तळटीपेत राहिली.

(दृश्य : मुलगी बोट चोळते, मग फुंकर मारते.)

भाचीला दुखलं दोनदा. आधी सुई टोचावी तशी लख्ख कळ, आणि सेकंदभरानं पसरत जाणारी जळजळ. चटका एकच, पण तो दोन प्रकारच्या मज्जातंतूंवरून वर गेला. पहिल्या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं पातळ वेष्टण असतं, त्यांच्यावरून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं जातो. दुसरे उघडे आणि बारीक, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. म्हणजे गर्दीच्या वेळी या गल्लीतून माणूस पुढे सरकतो, साधारण तसा.

आणि ती बोट चोळते, ते उगाच नव्हे. स्पर्शाचे तंतू जाड असतात, त्यांचा वेग सेकंदाला ३५ ते ७५ मीटर. चोळल्याचा संदेश मज्जारज्जूत पोचला, की वेदनेच्या संदेशाला तिथल्या तिथे लगाम बसतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. त्यांच्या आराखड्याचे तपशील पुढे बरेच बदलले, तरी वेदनेची छाननी मज्जारज्जूपासूनच सुरू होते हा गाभा टिकला.

(दृश्य : मज्जारज्जूचं रेखाचित्र. दोन रंगांच्या रेषा वर सरकतात.)

पाठ्यपुस्तकातली विभागणी एका दमात सांगून टाकू. मेंदू आणि मज्जारज्जू ही मध्यवर्ती मज्जासंस्था. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या, ही परिघीय. हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी सांभाळणारी ती स्वायत्त.

यापेक्षा मला थक्क करतो तो वर जाण्याचा रस्ता. वेदना आणि तापमान यांचे संदेश मज्जारज्जूत शिरले, की जवळपास तिथेच बाजू बदलतात आणि पलीकडच्या अंगानं वर चढतात. स्पर्श, कंप आणि सांध्यांची जाणीव मात्र शिरल्या बाजूनंच थेट मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि तिथल्या लंबमज्जेत, म्हणजे देठाच्या सर्वांत खालच्या भागात, पोचल्यावर पलीकडे वळते. म्हणून मज्जारज्जूला एकाच बाजूनं, अर्ध्यापर्यंत इजा झाली, तर विचित्र प्रकार दिसतो. इजेच्या खाली, त्याच बाजूच्या पायाला कंप कळत नाही आणि दुसऱ्या पायाला चटका कळत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्राउन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी याचं वर्णन केलं. आजही हे लक्षण त्यांच्याच नावानं ओळखतात.

दोन्ही रस्ते थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या संदेशांच्या नाक्यावर, थांबा घेऊन मेंदूच्या पृष्ठभागावर पोचतात. तिथे शरीराचा नकाशा आहे, पण प्रमाणात मुळीच नाही. मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून विचारत, कुठे जाणवलं? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून हे जमलं. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत ओठ आणि बोटं यांनी ऐसपैस जागा अडवलेली दिसते, पाठीच्या वाट्याला चिंचोळी पट्टी.

(दृश्य : दहीवड्याची गाडी. द्रोण हवेत उडतो, गिरकी घेतो, हातात येतो.)

हा नकाशा किती कामाचा, ते इथे दिसेल. विक्रेत्यानं एकाच चिमटीत तीन-चार मसाले उचललेत आणि बोटांच्या बारीक हालचालीनं एकेक वेगळा सोडतोय. एकात दुसरा मिसळत नाही. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरची दोन टोकं वेगळी ओळखता येतात; पाठीवर त्यासाठी सुमारे चार सेंटिमीटर अंतर लागतं. पाठीनं मसाला भुरभुरणारा अजून भेटलेला नाही.

आणि द्रोण उडवताना तो गिऱ्हाइकाशी गप्पा मारतोय. द्रोणाकडे अधूनमधून नजर, हाताकडे अजिबात नाही. आपला हात हवेत नेमका कुठे आहे, हे त्याला स्नायूंतल्या ताणग्राहींकडून कळतं. त्यांचे तंतू सगळ्यांत वेगवान, सेकंदाला ८० ते १२० मीटर. लहान मेंदू त्या माहितीवर हालचाल दुरुस्त करत राहतो, गप्पांत खंड न पडता.

(दृश्य : गराडूची फोड तोंडात. नाकावर घाम.)

बोट निवलं, आता फोड तोंडात गेली. लिंबाचा आंबटपणा जिभेच्या पुढच्या भागातून सातव्या नसेनं निघाला, जिभेच्या मागची चव नवव्या नसेनं. जिरावणातल्या मिरचीचा जाळ मात्र पाचव्या नसेनं, म्हणजे चेहऱ्याच्या वेदनेच्या आणि स्पर्शाच्या नसेनं. वास तर थॅलॅमसची पायरी न चढताच मेंदूत पोचला. आपल्याला लागतो तो एकच घास.

मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन मज्जातंतूच्या टोकावरच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या दाराला, चिकटतं, तो शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ साली शोधला. नाव टीआरपीव्ही-१. गंमत अशी, की हाच ग्राही ४३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेनंही उघडतो. गरम गराडू आणि तिखट जिरावण, दोघांनी एकच दार ठोठावलं! २०२१ चं नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पातापुतियान यांना मिळालं, ते तापमानाच्या आणि स्पर्शाच्या अशा ग्राहींसाठी. पक्ष्यांच्या या ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही, म्हणून पोपट मिरची मिटक्या मारत खातो.

भाचीच्या डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, कपाळावर घाम, तोही थंडीत. हे स्वायत्त संस्थेचं काम, तिला कुणाची परवानगी लागत नाही. पाण्यानं जाळ शमणार नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आत्या दहीवड्याचा द्रोण पुढे करते, ते बरोबरच आहे.

(दृश्य : दवाखाना. खाटेवर एक पाऊल, डॉक्टरांच्या हातात नादकाटा, म्हणजे आपटला की थरथरणारा धातूचा दुबेळका.)

हे रस्ते वेगळे आहेत, याचा उपयोग सगळ्यांत जास्त इथे होतो. पायाच्या अंगठ्याची खबर नेणाऱ्या पेशीचं मुख्य अंग कण्याजवळ असतं आणि तिचा तंतू पार अंगठ्यापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर. मधुमेहात हे सर्वांत लांब तंतू आधी खराब होतात, म्हणून बधिरपणा पायांच्या बोटांपासून वर चढतो, मोजा चढवावा तसा.

"काका, डोळे मिटा. थरथर थांबली की सांगा."

१२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवला, की जाड तंतूंची तपासणी होते. टाचणीची टोच आणि गार-गरम यांतून बारीक तंतूंची. मग नायलॉनचा एक धागा, १० ग्रॅम दाबाला वाकणारा. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबतात. तेवढंही कळलं नाही, तर चपलेत शिरलेला खडा दिवसभर टोचत राहिला तरी काकांना पत्ता लागणार नाही. अशा पायाचे तळवे रोज डोळ्यांनीच तपासावे लागतात. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणीतरी.