पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी

उत्क्रांतीचा विषय निघाला की पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरचे फिंच पक्षी हमखास निघतात. डार्विन बेटांवर उतरला, चोची पाहिल्या आणि त्याला सगळं उमगलं, असं शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात फिंचच्या बाबतीत त्याने चांगलाच घोळ घातला होता.

पक्षी टिकवायची रीत अशी. पोटावर उभी चीर द्यायची, कातडी मोज्यासारखी उलटी करत सोलायची, मांस आणि मेंदू काढायचा, किडे लागू नयेत म्हणून आतून सोमलाचा साबण चोळायचा, कापूस भरायचा आणि पायाला क्रमांकाची चिठ्ठी बांधायची. उष्ण हवेत हे लगेच उरकावं लागतं. उशीर झाला की कातडी कुजते, पिसं गळतात. एडिंबरात जॉन एडमनस्टन या गुलामीतून सुटलेल्या माणसाने डार्विनला हे शिकवलं होतं, त्यामुळे हात तयार होता. चूक झाली ती नोंदीत. बहुतेक फिंच कुठल्या बेटावरचे, हे त्याने लिहिलंच नाही.

का लिहिलं नाही? एका बेटावरून दुसरं दिसतं, खडक तेच, हवा तीच. मग पक्षी वेगळे कशाला असतील? सप्टेंबर-ऑक्टोबर 1835 मध्ये तो चार बेटांवर उतरला. फ्लोरेआनावर लॉसन नावाच्या अधिकाऱ्याने सांगितलं, की कासव पाहून ते कुठल्या बेटावरचं हे मी सांगू शकतो. तेव्हा अजून दोन बेटं बाकी होती! डार्विनने ते फारसं मनावर घेतलं नाही. जहाजावर घेतलेली कासवं वाटेत खाऊन झाली आणि त्यांची कवचं समुद्रात गेली.

लाज राखली मॉकिंगबर्ड या दुसऱ्या पक्ष्याने. पहिल्या दोन बेटांवरचे मॉकिंगबर्ड वेगळे दिसले, म्हणून पुढे प्रत्येकाचं बेट त्याने जपून टिपलं. जानेवारी 1837 मध्ये पक्षी लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डच्या हाती गेले. गूल्डने सांगितलं, हे मॉकिंगबर्ड एकाच जातीचे नमुने नव्हेत, तीन जाती आहेत. आणि ज्याला डार्विन रेन नावाचा वेगळाच पक्षी समजत होता, तोही फिंचच! आता फिंचची बेटं हवी होती. ती कप्तान फिट्झरॉय आणि नोकर कॉव्हिंग्टन यांच्या नमुन्यांवरून जुळवावी लागली. त्यांनी बेटांची नावं लिहिली होती. जुलै 1837 मध्ये डार्विनने जाती बदलण्याच्या प्रश्नावर स्वतंत्र वही उघडली. नैसर्गिक निवडीची यंत्रणा सुचली ती पुढच्या वर्षी, लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असं मांडणारा अर्थतज्ज्ञ माल्थस वाचताना. 1859 च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात मात्र हे फिंच नावानिशी येतच नाहीत.

डार्विनसारखाच निवडीच्या कल्पनेपर्यंत पोचलेला दुसरा निसर्गअभ्यासक म्हणजे आल्फ्रेड वॉलेस. त्याचं पोट नमुने विकून चालायचं, पण ठिकाणाबाबत तो काटेकोर होता. 1852 मध्ये ॲमेझॉनच्या माकडांवर लिहिताना त्याने तक्रारच केली, की संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘ब्राझील’ किंवा ‘ॲमेझॉन’ लिहिलेलं असतं. नदीच्या कुठल्या काठावरचं, ते नसतं. आणि मोठ्या नद्यांच्या दोन काठांवर माकडांच्या जाती वेगळ्या निघतात.

हीच सवय घेऊन तो 1856 मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या बाली बेटावरून शेजारच्या लोंबोक बेटावर गेला. मधली सामुद्रधुनी अरुंद जागी वीसेक किलोमीटर. बालीत आपल्या तांबटाचे भाईबंद. पलीकडे ते गायब आणि ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवा हजर. हवा सारखी, झाडी सारखी, मग फरक कशाचा? उत्तर पाण्याखाली आहे. हिमयुगात समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेला, तेव्हा बाली जावामार्फत आशियाला जोडली गेली. लोंबोकची सामुद्रधुनी त्याहून खोल, ती कोरडी पडली नाही.

फेब्रुवारी 1858 मध्ये मोलुक्कस बेटांवर तापाने फणफणलेला असताना वॉलेसलाही माल्थस आठवला. त्याने लिहिलेला निबंध जूनमध्ये डार्विनला मिळाला आणि 1 जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. पण दोघांची देवाणघेवाण त्याआधीची. 1856 मध्ये लोंबोकहून लंडनच्या दलालाला माल पाठवताना वॉलेसने पत्रात कळवलं होतं, की यातलं पाळीव बदक डार्विनसाठी आहे.