गोळीची राखण

(वेंगुर्ल्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मनोविकारांवरच्या औषधांचा इतिहास'. तो सांगतोच. पण तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत उभा होतो, तिथलं एक आधी बोलायचंय. औषधांनी वेडा ठरवलेला माणूस इस्पितळातून घरी आणला. म्हणजे वॉर्डातली राखणही घरी आली. वेशीवरच्या राखणदार देवाला आपण वर्षाचा नारळ चुकवत नाही. घरातल्या गोळीची राखण मात्र कुणी करत नाही.

सुरुवात आपल्या रानातल्या सर्पगंधेपासून. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्ये लिहिलं की ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते. १९४९मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबाचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि जग जागं झालं. १९५२मध्ये सीबा कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तिच्यातून रेझरपीन हे गुणकारी द्रव्य वेगळं काढलं, आणि दोनच वर्षांत ते अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत पोचलं. (घरी मुळी उगाळून कुणाला देऊ नका हं. रक्तदाब इतका उतरेल की माणूस उठायचा नाही.)

त्याच १९४९मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांचा लेख आला. लिथियमचे क्षार टोचलेले गिनिपिग उताणे केले तरी धडपडत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. मग लिथियम त्यांनी उन्मादाच्या, म्हणजे बेफाम उत्तेजित झालेल्या, रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण पाच वर्षं उन्मादात होता. तो बरा होऊन जुन्या नोकरीवर गेला. मग गोळ्या सोडल्या आणि परत भरती झाला. १९५०मध्ये गेला तो लिथियमच्याच विषबाधेनं. पुढचं ऐकताना हा माणूस ध्यानात ठेवा.

माझ्या खिडकीवर एक तांडेल यायचा. लिथियमवर बारा वर्षं धड होता, बोट चालवत होता. एका मे महिन्यात दोन दिवस जुलाब झाले, वर उन्हातला घाम, कंबर दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या. जेटीवर उतरला तो झोकांड्या खात. हात थरथरतायत, जीभ जड. एका दवाखान्यात नेलं, तर लांबूनच निदान झालं: दारू. उतरली की बरा होईल, घरी न्या. तोंडाचा वाससुद्धा घेतला नाही कुणी! बायको माझ्यासमोर रडत होती, "हे पियत नायत हो. बारा वर्सां थेंब घेवक नाय."

पिशवीत दोन पाकिटं होती. ती शेजारी ठेवली आणि माझ्या पोटात गोळा आला. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते मीठ धरून ठेवतं, त्यासोबत लिथियमही. त्यात बऱ्याचशा वेदनाशामक गोळ्या लिथियम बाहेर पडू देत नाहीत. रक्तात ते साधारण १.२च्या वर जाऊ द्यायचं नसतं. त्याचं २.४ भरलं. सलाईन लागलं, आठवड्यानं हात थांबले. आणखी एक रात्र घरी काढली असती तर? तो राग अजून गेलेला नाही. आधीच्या आजाराचा शिक्का बसला की माणसाच्या अंगाला दुसरं काही होऊच शकत नाही, असं धरून चालतात.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर भरभर. १९५२, पॅरिस: झाँ दले आणि पियेर दनिकेर या मनोविकारतज्ज्ञांनी सेंट-ॲन इस्पितळात क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरलं. त्याआधी इन्सुलिन टोचून आणलेली बेशुद्धी, विजेचे झटके, दोरखंड. आता आरडाओरडीचे वॉर्ड शांत झाले. पण हातपाय ताठणं, तोंडाच्या नकळत होणाऱ्या हालचाली हेही त्यासोबत आलं. क्षयावरच्या इप्रोनियाझिड या औषधानं रुग्णांना हुशारी येते हे न्यूयॉर्कमध्ये दिसलं, त्यातून उदासीवरचं औषध निघालं. स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी १९५७मध्ये इमिप्रामिन या औषधाचे अनुभव मांडले. ते द्यायचं होतं स्किझोफ्रेनियावर, उपयोगी पडलं उदासीला. यातलं बरंचसं आधी गुण दिसला, कारण मागून कळलं, असं आहे. क्लोझापिन हे औषध स्किझोफ्रेनियाच्या इतर औषधांनी न सुधारलेल्यांना सुधारतं, पण १९७५मध्ये फिनलंडमध्ये त्यानं पांढऱ्या पेशी घटून माणसं गेली, म्हणून त्याच्यासोबत रक्ततपासणी आली. आपल्याकडे २०१७च्या कायद्यानं भूल न देता विजेचे झटके देणं बंद केलं.

या प्रत्येक गोळीला घरात एक जाणतं माणूस लागतं. त्या तांडेलाच्या बायकोनं बोटीच्या डिझेलच्या वहीतच मागून पानं आखली: गोळी, तारीख, जुलाब, रक्ताचा आकडा. समुद्रावर जाताना त्याच्या खिशात आता एक चिठ्ठी असते, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. तीवर औषधाचं नाव आणि 'दारू नाही' एवढंच लिहिलंय.

प्रश्न मागे ठेवू. कुणी पाकिटं आणली असतील तर मी इथेच बसतोय. नाव मोठ्यानं वाचणार नाही.