आधी टीप, मग सुरी

(नाशिकमधल्या एका शिवणवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, शिवणवर्गाच्या सगळ्या मुली, आणि नातींना सोडायला म्हणून येऊन पहिल्या रांगा पटकावून बसलेले समस्त आजोबा, नमस्कार. सिंहस्थाच्या नावानं खणलेल्या रस्त्यांतून वाट काढत तुम्ही घड्याळाच्या पट्ट्याबद्दल ऐकायला आलात. याचा अर्थ तुम्हाला विषयाची आवड आहे, नाहीतर मागे तळले जाणारे बटाटेवडे तुमच्या नाकापर्यंत पोचलेत. मला दोन्ही चालेल.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘चामड्याच्या लहान व अरुंद वस्तूंची मशीनवर सुबक शिलाई’. घड्याळाचा पट्टा, किल्लीची पट्टी, पर्सचा बंद, मांजराचा गळपट्टा, असल्या गोष्टी. मी मूळची ब्लाउजवाली. तिथून चामड्याकडे कशी वळले ते सांगत नाही, कारण त्यात सासूबाई येतात आणि त्या इथे बसल्यात.

कापड शिवणाऱ्या हाताला चामड्यात पहिला धक्का बसतो तो भोकाचा. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. टीप चुकली तर उसवा, पाण्याचा हात फिरवा, इस्त्री करा, बहुतेक वेळा खूण राहत नाही. चामड्याच्या सुईला टोकाशी पातं असतं, ती कापत जाते. पडलेलं भोक कायमचं. म्हणून ‘बारीक टाका म्हणजे मजबूत टाका’ ही आपली ब्लाउजातली श्रद्धा इथे घातक ठरते. सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले कुणी आहेत का? बघा, किती हात वर आले! प्रेस इथे नाशिकरोडलाच, मग हे होणारच. प्रेस १९२५ मधली, आणि देशाची पोस्टाची तिकिटं तिथं छापली जातात. दोन तिकिटांच्या मध्ये भोकांची ओळ कशासाठी असते, ते या मंडळींना विचारा. सरळ फाटावं म्हणून. पट्ट्याच्या कडेनं दीड-दीड मिलिमीटरवर टाके घातलेत की तुम्ही पोस्टाचं तिकीट बनवता. तीन मिलिमीटरचा टाका ठेवा. दिसतोही छान.

आता माझी जुनी खदखद. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय मी इथून उतरणार नाही.

मशीनच्या एका दुकानात गेले होते. नाव सांगत नाही, माणूस गोड आहे, चहा पाजतो. म्हणाला, “ताई, चामडं म्हणजे वॉकिंग फूटच.” आजोबांसाठी सांगते. आपल्या घरच्या मशीनमध्ये खालचे दाते माल पुढे ढकलतात आणि वरचा पाय नुसता दाबून धरतो. थर जाड असले की खालचा पुढे जातो, वरचा रेंगाळतो. त्यानं दाखवलेल्या मोठ्या वॉकिंग फूट मशीनमध्ये सुई, वरचा पाय आणि दाते मिळून पाऊल टाकतात. बॅगा, गाडीच्या सीटा, जाड कंबरपट्टे यांना ते मशीन उत्तमच, त्यात वाद नाही. त्यानं हातरुमालाएवढा तुकडा घेतला आणि मधोमध अशी टीप मारली की दृष्ट काढावी. असे लोक नेहमी मोठा तुकडाच का घेतात हो? साडीच्या दुकानात पदरच उलगडून दाखवतात, आत काय आहे ते घरी गेल्यावर कळतं.

मी पर्समधून कापून ठेवलेला पट्टा काढला. रुंदी अठरा मिलिमीटर, बक्कलेकडे सोळा. जुन्या एचएमटीला बसतो तसा. म्हटलं, “याच्या कडेनं मारा.” तो हसला. पहिल्याच टाक्याला पट्ट्याचं टोक सुईबरोबर प्लेटच्या भोकात शिरलं, कारण तिथे दात्यांना धरायला कातडंच नव्हतं. ओढून काढलं. मग थोडं आतून सुरू केलं. आता मशीनच्या पायाचं एक बोट पट्ट्यावर आणि दुसरं हवेत. पाय कलला, दाते एकाच बाजूनं ओढायला लागले, पट्टा फिरला, आणि कडेपासून तीन मिलिमीटरवर निघालेली टीप मध्यावर येईपर्यंत कडेवरून उतरून गेली. “कातडं खराब आहे ताई.” बरं. मग त्यानं पायाचा दाब वाढवला. टीप जरा सुधारली, पण उलटून बघतो तर अस्तरावर दात्यांची नक्षी. मग पोऱ्याला बोलावलं. पोऱ्या चिमट्यानं टोक धरून उभा, मालक चाक फिरवतोय, मी चहा पितेय.

गांधीजी यंत्रांबद्दल किती कडक बोलत! तरी १९२४ मध्ये त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला त्यातून वगळलं होतं. त्या दुपारी ते दुकानात असते तर त्यांनी फेरविचार केला असता.

शेवटी तो म्हणाला, “ताई, हा माल या मशीनचा नाही.” मी म्हटलं, “मग मघापासून चामडं म्हणजे वॉकिंग फूटच असं कोण म्हणत होतं?” त्यानं दुसरा चहा मागवला.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे. नंतर बक्षीस समारंभ.’ आणि मुख्य विषय तर अजून पुढेच आहे. पळते आता.

माझं म्हणणं एवढंच आहे की अरुंद वस्तू अरुंद असताना मशीनखाली घालूच नका. महागडं मशीन घ्यायच्या आधी आहे त्या मशीनच्या पायाला उभं राहायला जागा द्या. वरचं चामडं आणि अस्तर दोन्ही पट्ट्यापेक्षा चांगले बोटभर रुंद कापा. सोल्यूशन दोन्हीकडे लावा, हाताला चिकटेनासं झालं की एकमेकांवर बसवा. वर पट्ट्याचा आकार चंदेरी शाईच्या पेनानं आखा. त्या रेघेच्या आत तीन मिलिमीटरवर टीप मारा. पायाची दोन्ही बोटं भरल्या चामड्यावर, दाते भरल्या चामड्यावर, टोकालाही काही भोकात शिरत नाही. टीप पूर्ण झाली की मगच धारदार सुरीनं रेघेवर कापा, सरळ बाजूंना लोखंडी पट्टी लावून. दात्यांच्या खुणा टाळायला अस्तराखाली पातळ कागद घाला, नंतर फाडून काढा. माझं काळं, पायानं चालवायचं साधं मशीन एवढ्यावर पट्टे शिवतं. टोकाच्या वळणावर मात्र पायडल सोडायचं आणि चाक हातानं फिरवायचं. सुई चामड्यात खाली, पाय वर, किंचित वळवा, पाय खाली, एक टाका. घाई केली की तिथेच कोपरा निघतो.

हो, प्रश्न बरोबर आहे. कड दुमडून शिवायचा पट्टा असा नंतर कापता येत नाही. तिथे तयार पट्ट्याला लागून तेवढ्याच जाडीचा चामड्याचा तुकडा पायाखाली ठेवा, म्हणजे पाय कलत नाही. आणि चेन लावायचा एका बोटाचा पाय तुमच्या सगळ्यांच्या डब्यात पडलेला आहे, तो काढा. दुमडायच्या आधी कड रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या पात्यानं, तासून पातळ करा, नाहीतर गाठ होते आणि पाय तिथे चढताना टाका आखडतो.

आजोबा म्हणतायत, हातशिलाईची सर नाही. मान्य. हातशिलाईत एकच धागा दोन सुयांनी येतो, एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. पण मला आठवड्याला ढीगभर पट्टे द्यायचे असतात आणि माझी बोटं दहाच आहेत.

सुई सोळा नंबरची, चामड्याचीच. धागा साठ नंबरचा बॉन्डेड नायलॉन, म्हणजे पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला. धागा जाड घेतला की सुई मोठी, सुई मोठी की भोक मोठं, आणि पट्टा तर एवढासाच. शेवटाला मशीननं मागे-पुढे रगडू नका. चाक हातानं फिरवून दोन-तीन टाके त्याच भोकांतून मागे घ्या, वरचा धागा अस्तराच्या बाजूला ओढा, गाठ मारा, कापा आणि टोकाला काडी दाखवा. नायलॉन वितळून बसतो. सुती धागा असेल तर काडी दाखवू नका, पेटेल. पहिले पट्टे चामड्याच्याच रंगाच्या धाग्यानं शिवा. तपकिरीवर पांढरा धागा छान दिसतो खरा, पण तो प्रत्येक वाकडा टाका दुरून दाखवतो.

अध्यक्ष उभे राहिले. कडेच्या रंगाचं राहिलं, ते वड्यांच्या वेळी विचारा. मशीन बाहेर दाराशी ठेवलंय, रुंद तुकडेही आहेत, बसून बघा. फक्त चाकाशी लहान मुलांना जाऊ देऊ नका, सुई चढवलेली आहे.