कुत्रा, साप आणि मधलं अंतर

नमस्कार मंडळी. सोफ्यावर लॅब्राडोर पसरलाय, त्याच्या पाठीवर अजगराचं वेटोळं आहे आणि खाली कौतुकाचा पाऊस पडलाय, असे व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. ते पाहूनच आजचा प्रश्न आलाय: साप आणि कुत्रा एका घरात राहू शकतात का? उत्तर आधीच सांगून टाकतो. एका घरात राहू शकतात, पण एका खोलीत मोकळे राहू शकत नाहीत. का, ते सापाच्या बाजूने बघायला हवं. त्या व्हिडिओंत सापाच्या बाजूने कुणीच बघत नाही.

आधी कायद्याचं थोडक्यात. नाग, धामण, मांडूळ, आपला भारतीय अजगर, हे घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. 'सापडला म्हणून ठेवला' ही सबब चालत नाही. शहरांतून जो पाळला जातो तो बहुतेक वेळा बॉल पायथन. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान अजगर, साधारण तीन ते पाच फुटांचा, बिनविषारी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ती केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर करायची असते. कागद नसतील तर कुत्र्याचा प्रश्न पुढचा, आधी तो साप तुमच्याकडे आला कसा हा प्रश्न आहे.

आता त्या सोफ्यावरच्या सापाकडे या. सापाला बाहेरचा कान नाही. जमिनीतला कंप त्याला जबड्याच्या हाडातून कळतो. कुत्र्याचं भुंकणं त्याच्यापर्यंत फारसं पोचत नाही, पण पंजांची धावपळ नक्की पोचते. जिभेने तो हवेतले गंधाचे कण टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतो. आणि बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला ऊब जाणवते. म्हणजे तुमचा कुत्रा काचेला नाक लावून हुंगतो तेव्हा आतल्या सापाला काय कळतं? आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, गरम रक्ताचा, मांस खाणाऱ्या प्राण्याचा वास असलेला जीव हातभर अंतरावर येऊन उभा आहे. तुमचा टायगर किती प्रेमळ आहे, हे त्याला कळायला काही मार्ग नाही.

मग तो काय करतो? बॉल पायथन अंगाचा गोळा करतो आणि डोकं आत दडवतो. 'बॉल' हे नावच त्यावरून पडलंय. किंवा नुसता थिजून बसतो. जीभ बाहेर येणं थांबतं, मानेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो, श्वास जोरात चालतो. आणि आपण म्हणतो, बघा किती शांत आहे! मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं, साप शांत आहे म्हणजे तो खूष आहे असं नाही. पळायला वाट नसलेला प्राणी हालचाल बंद करतो. अशा सापाने पुढे कित्येक आठवडे खाणं सोडलं की मालक डॉक्टरांकडे धावतात, आणि पेटी मात्र त्याच हॉलमध्ये, कुत्र्याच्या गादीसमोर असते.

कुत्र्याच्या पाठीवर तो बसतो, ते उबेसाठी. सापाला स्वतःची ऊब नसते, जिथे मिळेल तिथे तो जातो. त्यात मैत्री बघू नका. खरा धोका तर सापालाच आहे. कुत्र्याने खेळताना एकदा तोंडात धरलं तरी फासळ्या मोडतात, दातांच्या जखमा आतून चिघळतात.

हेच तत्त्व घेऊन आता आपल्या अंगणात जाऊ, कारण महाराष्ट्रात कुत्रा आणि सापाची गाठ पडते ती बहुतेक तिथेच. सापाचं बचावाचं वागणं एका क्रमाने चालतं. आधी लपणं, मग पळणं, मग थिजणं, मग धमकावणं, मग खोटा वार आणि अगदी शेवटी चावा. विष त्याला शिकारीसाठी हवं असतं, ते उगाच सांडणं त्याला परवडत नाही. नाग अंगाचा पुढचा भाग उचलतो, मानेच्या फासळ्या ताणून फणा काढतो, पुष्कळदा तोंड मिटूनच धडक मारतो. घोणस वेटोळं घालून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार काढते. फुरसे जागच्या जागी वेटोळी फिरवत खरखरीत खवले एकमेकांवर घासतं. बिनविषारीही मागे नाहीत. धामण मान फुगवून घशातून गुरगुरते, दिवड मान चपटी करून नागाचा आव आणते आणि बिचारी त्यापायीच मारली जाते. हरणटोळ जबडा वासून अंग फुगवतो, मग खवल्यांमधली काळी-पांढरी नक्षी दिसते.

माणूस हे पाहून मागे सरतो. कुत्रा सरत नाही. फुत्कार ऐकला की त्याला आणखी चेव येतो, तो गोल फिरतो आणि सापाची पळायची वाटच बंद होते.

गेल्या पावसाळ्यात भोरकडच्या एका शेतघरावर गेलो होतो. जळणाच्या ढिगापाशी मोठी घोणस, तिच्यासमोर घरचा मोत्या. घोणशीचं अंग प्रत्येक श्वासाला फुगत होतं आणि सोडताना तो लांब फुत्कार. मोत्या डावीकडून, उजवीकडून झेपावत होता. आणि घरातली सगळी माणसं ओरडत होती, "मोत्या, ए मोत्या, सोड!" कुत्र्याला वाटतं, आपल्या पाठीशी घर उभं आहे. मी आधी सगळ्यांना गप्प केलं. आजींना म्हटलं, "आजी, रोज जेवायला हाक मारता तशी मारा." त्यांनी ओट्यावरची थाळी वाजवली, मोत्या वळला, नातवाने त्याला पडवीत बांधलं. फुत्कार हळूहळू उतरला. मी साप पकडायची स्टिक पिशवीतून काढेपर्यंत ती ढिगाखाली निघालीसुद्धा होती. वस्तीला लागून असल्याने मग तिला पकडून वनखात्याला कळवलं, पण मला दाखवायचंय ते एवढंच की कुत्रा दूर झाल्याबरोबर तिचा राग म्हणून जो काही होता, तो संपला. तो राग नव्हताच.

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाला घोणशीला पिल्लं होतात. ती जन्मापासून विषारी असतात आणि वीतभर पिल्लाला कुत्रा हमखास नाक लावतो. म्हणून कुत्र्यांना चावा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. झालाच, तर पहिलं काम गळ्यातला पट्टा काढणं. सूज मानेकडे उतरते आणि पट्टा आवळतो. चावलेली जागा कापू नका, आवळून बांधू नका, तूप-दूध पाजू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या, आणि जपून, वेदनेने तो तुम्हालाही चावेल. आपल्याकडे प्राण्यांसाठी सहसा वेगळं औषध मिळत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी माणसाची लसच त्याला देतात. छोटा कुत्रा म्हणून लस कमी पुरेल असंही नाही, कारण सापाने विष त्याचं वजन बघून सोडलेलं नसतं. निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून लस आहे का ते विचारा, नाहीतर तिथे पोचून पुन्हा धावाधाव. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करून पाहतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय.

मघाशी मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलं, घरात बॉल पायथन आहे, आता कुत्र्याचं पिल्लू आणायचंय, काय करू? ताई, सापाची पेटी आधी दार लागणाऱ्या खोलीत हलवा. पेटीला कुलूप हवंच, साप झाकण ढकलून निघतात. आत दडायला दोन जागा द्या, एक उबेच्या बाजूला, एक थंड बाजूला. सापाला खायला घालताना पिल्लू त्या मजल्यावरच नको, आणि उंदराचा वास असलेल्या हातांनी कुणालाच उचलू नका. सापाची विष्ठा लगेच उचला, कुत्री ती खातात आणि त्यातून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो. दोघांची ओळख करून द्यायची का, असंही तुम्ही विचारलंत. नको. दोघांपैकी कुणालाही त्याची गरज नाही.