ही पाल नव्हे: घराजवळचा सॅलॅमँडर कसा ओळखावा

परसातला जुना ओंडका उचलावा आणि खालच्या ओल्या मातीत बोटभर लांबीचं, चकचकीत, शेपटीवालं काहीतरी वळवळताना दिसावं. पहिल्यांदा पाल आठवते आणि लगेच मनात विष येतं. या गोंधळात कितीतरी निरुपद्रवी जीव हकनाक चिरडले जातात, म्हणून आज याच विषयावर बोलायचं ठरवलं.

सॅलॅमँडर हा उभयचर, म्हणजे बेडकाच्या गोतावळ्यातला. पाल आणि सरडा सरपटणाऱ्यांतले. त्यांच्या अंगावर खवले असतात, बोटांना नख्या असतात, आणि बहुतेकांच्या डोक्याच्या बाजूला कानाचं छिद्र दिसतं. सॅलॅमँडरला खवले नाहीत, कानाचं छिद्र नाही, आणि काही थोड्या जाती सोडल्या तर नख्याही नाहीत. पुढच्या पायाची बोटं मोजा, चार भरतील. मागच्या पायाला बहुधा पाच. कुशीवर उभ्या खाचा दिसल्या तर शंका जवळजवळ मिटतेच.

लोक मात्र आधी रंग सांगतात, आणि रंग हमखास फसवतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात घराशेजारी नेहमी सापडणारा लालपाठी सॅलॅमँडर घ्या. एकाच ओंडक्याखाली एकाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत विटकरी पट्टा, तर दुसरा सगळाच शिशासारखा करडा. जात एकच! पोट पाहिलं की उलगडा होतो, कारण दोघांच्याही पोटावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची दाट नक्षी असते. भिंग धरलंत तर नाकपुडीपासून वरच्या ओठाच्या कडेपर्यंत उतरणारी बारीक रेघ दिसेल. या रेघेतून जमिनीवरचा वास नाकापर्यंत पोहोचतो. या कुळातल्या सॅलॅमँडरांना फुप्फुसं नसतातच. सगळा श्वास कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून चालतो. कातडी सुकली की श्वास कोंडलाच. ते ओल सोडून का हलत नाहीत, हे यावरून ध्यानात यावं.

आता विषाचं. साप विष टोचतो तसं सॅलॅमँडर चावून टोचत नाही. पण काहींच्या कातडीत विष असतं, हे मोकळेपणाने सांगायला हवं. युरोपातल्या काळ्या-पिवळ्या अग्निसॅलॅमँडरच्या डोळ्यांमागे विषाच्या फुगीर ग्रंथी असतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खरबरीत पाठीच्या, नारिंगी पोटाच्या न्यूटमध्ये (न्यूट हाही सॅलॅमँडरचाच एक प्रकार) तर फुगू या विषारी माशात असतं तेच विष सापडतं. १९७९ साली ऑरेगनमध्ये एक तरुण असा न्यूट गिळून दगावला. गिळून, हे लक्षात घ्या. नुसता शेजारून गेल्याने कुणाला काही होत नाही. तरीही जात कुठलीही असो, हात लागला तर साबणाने धुवा, तोपर्यंत डोळे चोळू नका, आणि लहान मुलं व कुत्री-मांजरं लांब ठेवा.

खरी भीती त्याला आपली आहे. आपल्या हातावरचं मीठ, सनस्क्रीन, डास पळवायचं मलम, सगळं त्या उघड्या कातडीतून आत शिरतं. शेपटीला धरलंत तर काही जातींत ती तुटून हातात राहते. शेपटी पुन्हा येते, पण तिच्यात साठवलेली चरबी गेलेली असते. पाहायचाच असेल तर ओल्या पानासकट पारदर्शक डबीत घ्या. वरून, बाजूने आणि खालून असे तीन फोटो काढा, पायांची बोटं स्पष्ट येऊ द्या आणि जागा लिहून ठेवा. जाणकाराला एवढ्यावर बहुतेक वेळा जात सांगता येते.

दुसऱ्या तळ्यावर किंवा दुसऱ्या बागेत मात्र नेऊ नका. नेदरलँड्समध्ये अग्निसॅलॅमँडरांचा जवळपास फडशा पाडणाऱ्या एका बुरशीचा शोध २०१३ मध्ये जाहीर झाला. अशी बुरशी माणसाच्या हाताने, बुटांना लागलेल्या चिखलानेही पसरू शकते. सापडला तिथेच सोडा. आधी ओंडका होता तसा ठेवा आणि मग सॅलॅमँडर त्याच्या कडेला सोडा. वरून ओंडका ठेवायला गेलात तर तो चेंगरेल. आत शिरायची वाट त्याची तो शोधतो.